यमकाचे गळालेले शेपूट

लंडनमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात पूर्व लंडनच्या ईस्ट एंड भागातल्या बेथनल ग्रीनमध्ये वाढलेल्या एका तरुण सहकाऱ्याने शुक्रवारी संध्याकाळी मला विचारले, "रुबी खायला येणार का?" रुबी म्हणजे माणिक, एवढेच मला ठाऊक होते, आणि ईस्ट एंडचे लोक रत्ने खात असतील असे काही वाटेना. प्रत्यक्षात समोर आली ती करी. बेलफास्टची रुबी मरी ही गायिका १९५०च्या दशकात फार लोकप्रिय होती. तिच्या आडनावाचे करीशी यमक जुळले आणि करीला तिचे नाव मिळाले, पण ज्या आडनावामुळे हे जमले, नेमके तेच बोलताना गाळले जाते.

ईस्ट एंडच्या कष्टकऱ्यांच्या, म्हणजे कॉकनी लोकांच्या यमकी बोलीत शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारे दुसरेच काही म्हणतात; तिची खरी गंमत या गाळण्यात आहे. 'लुक'साठी, म्हणजे नजर टाकण्यासाठी, 'बुचर्स हुक', म्हणजे खाटकाचा आकडा, ठरला, आणि मग हुक टाकून देऊन लोक नुसते 'बुचर्स' घेऊ लागले. 'हेड'साठी 'लोफ ऑफ ब्रेड' असल्यामुळे 'तुझा लोफ वापर' म्हणजे डोके चालव. ओठांनी असभ्य आवाज काढण्याला रास्पबेरी म्हणणाऱ्या सभ्य माणसांना तर बहुधा कल्पनाही नसते की, तिच्यामागचे 'टार्ट' गळाले आहे आणि त्याच्याशी जुळणारा शब्द अपानवायूचा आहे.

शाळेत आम्ही 'च'ची भाषा बोलत असू. तिच्यात 'मला'चे 'चलाम' होई. पण एकदा युक्ती कळली की सगळेच उलगडे. इथे युक्ती कळूनही उपयोग नाही, कारण रुबीचे आडनावही माहीत असावे लागते.

पोलिसांना चकवण्यासाठी चोरांनी ही बोली रचली, असे हौसेने सांगतात. लंडनचा प्रकाशक जॉन कॅम्डेन हॉटन याने मात्र १८५९च्या आपल्या बोलभाषेच्या कोशात तिचे श्रेय मध्य लंडनमधल्या सेव्हन डायल्स भागात रस्त्यावर गाणी गाऊन विकणाऱ्यांना आणि तोंडपाटीलकीवर माल खपवणाऱ्यांना दिले असून तिचा उगम १८४०च्या दशकात धरला आहे. (सेव्हन डायल्स ईस्ट एंडात नाही, हे माझ्या सहकाऱ्याला मुळीच आवडले नाही.) मला हॉटनचे पटते, यमक हाच ज्यांचा विकाऊ माल, त्यांनाच ते घरच्या बोलण्यात गाळून टाकण्याची चैन परवडली असेल.

जेवताना मी त्याला रुबी मरीचे एखादे गाणे विचारले. त्याला एकही आठवले नाही; आणखी एक नान मात्र त्याने मागवले.