ग्राइंडर निर्दोष सुटला

मंडळी, गुन्हेगार सापडला एकदाचा.

माझ्या गॅजिया क्लासिक एस्प्रेसो मशीनच्या सकाळच्या आणि रात्रीच्या शॉटचं का पटत नाही, यावर इथे पुरेसं रामायण झालंय. नव्याने आलेल्यांसाठी फक्त आकडे: १८ ग्रॅम कॉफी आत, ३६ ग्रॅम एस्प्रेसो बाहेर, सकाळी साडेसहाला २७-२८ सेकंद. तेच बीन्स, ग्राइंडरचा डायल तिथेच, रात्री आठला ३८ ते ४१. सकाळी कपात गूळ आणि संत्र्याची साल. रात्री तोच सिलेक्शन ९ (भारतीय अरेबिकाचा एक वाण) आंबट, पातळ, घोट गेल्यावर जीभ कोरडी. रात्री डायल जरा जाड केला की वेळ जुळायची, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डायलवर १७ सेकंदांत सगळं धो धो कपात. परत बारीक, परत जाड. सगळा एप्रिल यात गेला.

बॉटमलेसखालचे (तळ उघडा असलेल्या हँडलखालचे) व्हिडिओ तुम्ही पाहिलेच आहेत. दोन्ही वेळेला मधोमध एकच धार, कुठे फवारा नाही, पकवर (दाबलेल्या कॉफीच्या चकतीवर) भोक नाही. डब्ल्यूडीटी (दाबण्याआधी कॉफी ढवळणं) ०.३५ मिमीच्या सुयांनी, तळापासून वरपर्यंत. टॅम्पर ५८.५चा, बास्केट आयएमएसची. ज्यांनी फिरकीवाला डिस्ट्रिब्युटर घ्या म्हणून सुचवलं त्यांचा मान राखून सांगतो, तो फक्त वरचा थर गुळगुळीत करतो, आतल्या गुठळ्या आत तशाच. जॉन वाइसने २००५ साली सुईने कॉफी ढवळायला सांगितली, त्याहून स्वस्त आणि त्याहून कामाचं मला तरी अजून काही दिसलेलं नाही.

म्हणजे राहिला ग्राइंडर. वहीम त्याच्यावरच होता, आणि बजेटही तयार होतं. नवीन ग्राइंडरला निमित्त कोणाला नको असतं? पण आधी पुरावा हवा, म्हणून एका मित्राचा जे-मॅक्स हा हातग्राइंडर आणला. एका क्लिकला ८.८ मायक्रॉन, मोटर नाही, वायर नाही. सकाळी त्यावर २८ सेकंद जुळवले, क्लिकला हात लावला नाही, रात्री तेवढीच कॉफी दळली. ३९ सेकंद. हाताने दळलेल्या कॉफीलाही रात्री तोच आजार. ६४ मिमीच्या बर्रवाल्या (दळणाऱ्या चकत्यांच्या) माझ्या गड्यावरचा खटला तिथेच संपला.

कोणीतरी बीन्सच्या तापमानाचा मुद्दा काढला होता, तो चांगला होता. २०१६ साली सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये आलेल्या पेपरात दाखवलंय की बीन्स जितके थंड, तितका ग्राइंड बारीक आणि एकसारखा येतो. पण मग दिशाच उलटी होते! रात्री आमचं स्वयंपाकघर तापलेलं असतं, त्या हिशेबाने ग्राइंड जाड येऊन शॉट पळायला हवा. इथे तर तो रांगतोय.

आता मुख्य गोष्ट.

गॅजिया क्लासिकची टाकी तुम्ही कधी शॉट चालू असताना आत डोकावून पाहिली आहे? आत सिलिकॉनच्या दोन नळ्या सोडलेल्या असतात. एकीतून पंप पाणी ओढतो, दुसरी ओपीव्हीची (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) परतीची. पंपाने दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर नेला की ओपीव्ही उघडतो आणि जादा पाणी दुसऱ्या नळीतून टाकीत परत येतं. माझ्यात ९ बारची स्प्रिंग आहे. सकाळी पंप चालू केल्यावर आधी काही सेकंद काहीच होत नाही, मग पक भिजून आवळला की परतीच्या नळीच्या तोंडाशी एक थेंब फुगतो, सुटतो, आणि पाठोपाठ बारीक धार लागते ती शॉट संपेपर्यंत. शॉट बंद केला की नळी एकदा हलते आणि थांबते. हे इतकं ओळखीचं झालं होतं की त्याकडे लक्षच जात नव्हतं.

रात्री झाकण काढून, मोबाइलचा टॉर्च लावून बघत बसलो. नळी कोरडी. शॉट सुरू होऊन संपला तरी थेंब नाही.

म्हणजे ओपीव्ही उघडलाच नाही, म्हणजे दाब ९ बारपर्यंत पोचलाच नाही. ग्राइंड, टॅम्प, बास्केट सगळं जागेवर. रात्री पंपातच जीव नव्हता. आणि आपला पंप म्हणजे उल्का ईपी५, ४८ वॉटचा व्हायब्रेशन पंप: कॉइल, दट्ट्या, स्प्रिंग आणि एक डायोड. ५० हर्ट्झवर सेकंदाला ५० ठोके. ठोक्यांची संख्या विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरते, पण प्रत्येक ठोक्यातला जोर ठरतो व्होल्टेजवर. पंपाला डिमर लावून दाब कमी करणारे हेच तर मुद्दाम करतात.

सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर आणला. सकाळी २३६. रात्री आठला १८१, आणि आसपासचे एसी लागले की १७६. आम्ही लाइनच्या शेपटाला राहतो, उन्हाळ्यात दिवे मंद होतात हे माहीत होतं, पण एलईडी आल्यापासून तेही डोळ्यांना कळेनासं झालं.

तरीही शिक्षा सुनावण्याआधी गुन्हा पुन्हा घडवून बघायचा होता. ओळखीच्या एका सरांकडून ८ अँपिअरचा व्हेरिअ‍ॅक मिळाला, व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर, लॅबमध्ये ज्याला आपण सगळे डिमरस्टॅट म्हणायचो तो. सकाळी, २३६ व्होल्ट येत असताना, मशीन त्याच्यावर टाकलं. आधी २३० वर: २८ सेकंद, नळीत धार. २०५ वर: ३१, धार उशिरा आणि नावापुरती. १८० वर, पीआयडी (बॉयलरचं तापमान सांभाळणारा कंट्रोलर) स्थिर होईपर्यंत थांबून: ३८ सेकंद, नळी ठणठणीत कोरडी, कपात तीच आंबट पातळ कॉफी. सकाळी सात वाजता रात्रीचा शॉट काढून दाखवला! इतकी वाईट कॉफी इतक्या आनंदाने मी कधीच प्यायलो नव्हतो.

रात्री उलटा प्रयोग मात्र अर्धाच झाला. या व्हेरिअ‍ॅकला २४० दिले तर तो जास्तीत जास्त २७० देतो, म्हणजे साडेबारा टक्के वाढ. १८० चे फार तर २०२ होतात. तेवढ्यानेही शॉट ३२ वर आला आणि नळीने दोन-चार थेंब टाकले. मला तेवढी साक्ष पुरली.

आता तुमच्यातले निम्मे म्हणणार, हीटरचं काय? बरोबर आहे, हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने पडते. १८० भागिले २३०, त्याचा वर्ग ०.६१. हीटर १३०० वॉटचा धरला तर रात्री साधारण ८०० वॉट उरतात. पण लागतात किती? धार सेकंदाला २ ग्रॅम, पाणी २५ अंशांवरून ९३ ला न्यायचं: २ गुणिले ४.१८ गुणिले ६८, म्हणजे सुमारे ५७० वॉट. ८०० मध्ये ते बसतं. सुरुवातीला रिकामी जागा भरताना पाणी भसकन आत येतं तेव्हा नाही बसत, पण तेव्हा सकाळचे १३०० सुद्धा पुरत नाहीत. पीआयडीच्या डिस्प्लेवर शॉटच्या शेवटी रात्री सकाळपेक्षा दोनेक अंश जास्त घसरण दिसते. रात्रीच्या आंबटपणात तिचा वाटा असेल, पण दहा सेकंदांचा फरक तिच्या खात्यावर जात नाही. शिवाय मशीन तापायला रात्री जास्त वेळ लागतो, तो मी देतोच आहे.

उपायाकडे येऊ. एसीचा रिलेवाला स्टॅबिलायझर डोक्यातून काढून टाका. तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो; शॉटच्या मध्यावर आत 'टक्' झालं की धार लगेच बदललेली दिसते. वर कंप्रेसरसाठीचा टाइम डिले, म्हणजे लाइट येऊन-जाऊन झाली की तीन मिनिटं हात बांधून उभे. हवा सर्व्हो, म्हणजे मोटरने व्होल्टेज उड्या न मारता सांभाळणारा स्टॅबिलायझर. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला 'सर्व्हो' म्हणून जे पाठवलं ते उघडलं तर आत चार रिले निघाले. परत केलं, पैसे यायला जे व्हायचं ते झालं.

मग पुण्यातली तपकीर गल्ली, इलेक्ट्रिकल सामानाचा बाजार. दुकानदार काकांनी पहिला प्रश्न टाकला, "एसी किती टनाचा?" म्हटलं, कॉफीचं मशीन आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग शांतपणे २ केव्हीएचा सर्व्हो दाखवला आणि वर एक गोष्ट सांगितली जी कुठल्याच ऑनलाइन पानावर ठळक लिहिलेली नसते: आउटपुट सगळ्यांचा २३०च असतो, इनपुट रेंज बघा. १७० पासून सुरू होणारा माझ्या कामाचा नाही, कारण मे महिन्यात मी त्याच्या काठावर उभा असेन. १४० पासूनचा घ्या. असा माणूस सापडला की ऑनलाइनचे शे-दोनशे वाचवण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. फक्त तो सर्व्हो आमच्या ओट्यावर बसणार नाही, आणि खाली ठेवला तर केरसुणीशी भांडण.

तर सर्व्हो घ्यायचा, इथवर ठरवून मी हे लिहायला बसलो होतो. पण वरचा हीटरचा हिशेब टाइप करताना डोक्यात आलं, हीटरला रात्रीही पुरतंय, तर २ केव्हीए कशाला? पुरत नाही ते पंपाला, आणि पंप आहे ४८ वॉटचा! फक्त पंपाला स्थिर २३० दिले की झालं. आणि त्यासाठी घराघरात एकेकाळी असलेली वस्तू आठवली: जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरबरोबर यायचा तो सीव्हीटी (कॉन्स्टंट व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर), गुणगुणणारा लोखंडी डबा. इनपुट बरंच भटकलं तरी आउटपुट जागचं फारसं हलत नाही, आणि आत हलणारा भाग एकही नाही. पंपातल्या डायोडमुळे तो अर्धीच लहर खातो आणि ट्रान्सफॉर्मरला ते मानवत नाही, म्हणून ४८ वॉटसाठी निदान १५० व्हीएचा घेणार आणि हात लावून तापतोय का बघणार. सप्लाय मशीनच्याच फेजवरून, एकाच मेन स्विचमागून, अर्थिंग एकच. कोणी करून बघणार असाल तर प्लग काढल्याशिवाय कव्हरचा स्क्रूसुद्धा फिरवू नका. आत पाणी, अ‍ॅल्युमिनियमचा बॉयलर आणि २३० व्होल्ट एकमेकांना खेटून बसलेले असतात.

पंपाची वायर वेगळी झालीच, तर तिच्यावर एक डिमरही बसतो. कारण एक गोष्ट अजून सांगितली नाही: व्हेरिअ‍ॅकच्या प्रयोगात फ्रीझरमधल्या हलक्या रोस्टच्या शेवटच्या दोन ट्यूब (एकेका शॉटपुरते बीन्स) सहज वापरल्या. २३० वर तो कडक आंबट आला. १८० वर तोच गोडसर, लांबट, जवळजवळ चहासारखा स्वच्छ. सिलेक्शन ९ ची जी कमी दाबाने वाट लागते, तिथेच हलक्या रोस्टचं भलं होतंय. म्हणजे पंपाला कायमचे २३० बांधून घालायचे नाहीत; हवे तेव्हा २३०, हवे तेव्हा १८०, पण ते मी ठरवणार, शेजारचा एसी नाही. गॅजिउइनो (गॅजियात बसवायचा कंट्रोलर) करा म्हणणाऱ्यांना उत्तर: करायचंय, प्रेशर सेन्सर पाहून पंप सांभाळतो ते मस्तच, पण १८० व्होल्टवरच्या पंपातून तो ९ बार कुठून काढणार? आधी भाकरी, मग लोणी.

बाकीचं थोडक्यात. कोरड्या हवेत स्टॅटिक इतकं वाढलंय की आरडीटीशिवाय अर्धी कॉफी ग्राइंडरच्या तोंडालाच चिकटते. आरडीटी म्हणजे दळण्याआधी बीन्सवर पाण्याचा एक फवारा, बस. पक स्क्रीन (कॉफीवर ठेवायची धातूची जाळी) ठेवतोय, पण ग्रुपहेड स्वच्छ राहतो म्हणून. वेळेत काडीचा फरक नाही. ग्राइंडरचं बजेट तसंच पडून आहे, त्यातून चांगलं प्रेशर गेज घ्यायचा विचार आहे, म्हणजे टॉर्च लावून टाकीत बघत बसायला नको.

कोणाच्या माळ्यावर १५० व्हीएच्या पुढचा सीव्हीटी पडून असेल तर कळवा. पुण्यात असाल तर घ्यायला मी येतो.