शिट्टी उलटी फिरत होती: घरच्या एसडीआर सेटची पावसाळ्यातली नोंद

घरी जोडलेल्या माझ्या हॅम रेडिओबद्दल (एसडीआर, म्हणजे बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणारा सेट) मागच्या नोंदीत ‘चालू झाला’ एवढंच लिहिलं होतं. चालू झाला म्हणजे हेडफोनमधून माणसांचे आवाज यायला लागले, पाच वॅट बाहेर पडायला लागले, आणि हा सगळा पसारा चिवड्याच्या पत्र्याच्या डब्यात बसला. पावसाळा त्या डब्याशी भांडण्यात गेला. अंगणात कपडे वाळत नव्हते, अँटेनाच्या कामाला गच्चीवर जाता येत नव्हतं, त्यामुळे टेबलावरची कामं उरकली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी रचना एका दमात सांगतो. टीन्सी ४.१ हा छोटा संगणक-बोर्ड म्हणजे मेंदू. एसआय५३५१ ही चिप ऑसिलेटरच्या दोन लहरी देते, एकमेकींपासून ९० अंशांवर. त्या एफएसटी३२५३ ला जातात, म्हणजे नेहमीचा टेलो डिटेक्टर, अँटेनाचा सिग्नल खाली उतरवणारा. तिथून आय आणि क्यू, म्हणजे त्याच सिग्नलच्या ९० अंशांनी वेगळ्या दोन प्रती, एलएम४५६२ ऑप-अँपमधून पीसीएम१८०८ या एडीसीकडे, जो सिग्नलचे आकडे करतो, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. बोलण्याच्या बाजूला शेवटी आयआरएफ५१० मॉस्फेटची पुश-पुल जोडी. यात माझ्या अकलेचं काही नाही, जगभर लोक हेच जोडतात. माझी भर पुढच्या चुकांची.

जूनमधल्या एका रात्री ७.१८१ मेगाहर्ट्झवर, चाळीस मीटरच्या पट्ट्यात, एलएसबीत (डायलच्या खालच्या बाजूचा साइडबँड) ऐकत बसलो होतो. दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या आणि त्यांच्या बोलण्यावर एक किलोहर्ट्झची अखंड शिट्टी. वाटलं, कोणीतरी अँटेना ट्यून करतोय. पण दहा मिनिटं कोण ट्यून करतं? नॉब थोडा वर फिरवला. एलएसबीत नॉब वर नेला की खऱ्या सिग्नलचा सूर चढतो. ती दोन माणसं नियमाप्रमाणे बारीक आवाजात बोलायला लागली, शिट्टी मात्र खाली उतरली. पाचशे हर्ट्झ वर गेलो तर शिट्टी पाचशेवर आली. आणखी पाचशे गेलो तर गायब.

उलटी फिरणारी शिट्टी म्हणजे आरशातली प्रतिमा. माझा सेट लोकल ऑसिलेटर, म्हणजे एसआय५३५१ ची लहर, ऐकायच्या जागेच्या २४ किलोहर्ट्झ वर ठेवतो, कारण शून्य हर्ट्झच्या आसपास सगळा कचरा साचतो: डीसी, पन्नास हर्ट्झची गुणगुण, ऑप-अँपचा स्वतःचा आवाज. २४ हाच आकडा का, तर तो ९६ चा बरोबर चौथा भाग. मग सरकवायला गुणाकार लागत नाहीत. आय-क्यूची अदलाबदल करायची, चिन्हं बदलायची, झालं. याची किंमत अशी की प्रतिमा ४८ किलोहर्ट्झ पलीकडून येते. ७.१८१ साठी ऑसिलेटर ७.२०५ वर. आपला हॅमचा पट्टा ७.२०० ला संपतो आणि तिथून पुढे प्रसारण केंद्रांचं राज्य. ७.२३० वरच्या केंद्राची कॅरिअर, म्हणजे त्याची अखंड मूळ लहर, ७.२०५ च्या आरशात पडते बरोबर ७.१८० वर, म्हणजे माझ्या डायलपासून एक किलोहर्ट्झ खाली. कागदावर हिशेब जुळला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. बायकोने खोलीत डोकावून विचारलं, “कोणाशी हसतोयस?”

आता ती प्रतिमा दाबायची कशी? आय आणि क्यूच्या उंचीत १ टक्का फरक राहिला तर प्रतिमा मूळ सिग्नलच्या ४६ डेसिबलहून जास्त खाली जात नाही. फेजमध्ये एका अंशाचा फरक राहिला तर ४१ वरच अडकते. ऐकायला भरपूर वाटतं, पण रात्री ते केंद्र एस९ च्या (मीटरवरचा दणदणीत सिग्नल) वर चाळीस डेसिबल मारत असतं. त्यातून ४१ वजा केले तरी उरते जवळजवळ एस९ ची शिट्टी. आणि माझा सेट ४१ सुद्धा देत नव्हता. मोजलं तर ३३.

पहिला मोह सॉफ्टवेअरचा. दोन आकडे टाकायचे, एक उंचीचा, एक फेजचा, आणि प्रतिमा नाहीशी होईपर्यंत ते फिरवायचे. केलं. एका जागी छान दबली, वॉटरफॉलवर (पडद्यावरचा सरकता सिग्नल-नकाशा) वीस किलोहर्ट्झ बाजूला पाहिलं की पुन्हा हजर. कारण डिटेक्टरमागचे चार कपॅसिटर मी एकाच पट्टीतून तोडून लावले होते, एक्स७आर जातीचे. पट्टी एक असली म्हणून किंमत एक नसते. चारांत मिळून आठ टक्क्यांचा फरक निघाला, शिवाय पेन्सिलने टकटक केली की हेडफोनमध्ये टकटक ऐकू यायची. मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून तीस फिल्म कपॅसिटर मागवले, एलसी मीटरवर एकेक मोजून अंड्याच्या ट्रेमध्ये लावले आणि सर्वांत जवळचे चार निवडले. ऑप-अँपभोवतीचे रेझिस्टरही तसेच जुळवले. एवढ्यानेच ४४ आलं. त्यानंतर सॉफ्टवेअरचे दोन आकडे, प्रत्येक बँडला वेगळे, मेमरीत साठवलेले. आता चाळीस मीटरवर ६० च्या आसपास मिळतं आणि पट्टाभर टिकतं. उरलेले सव्वीस कपॅसिटर आहेत, कोणाला हवे असतील तर मोजलेली किंमत लिहून देईन.

याच भानगडीत एक जास्त गंभीर गोष्ट लक्षात आली. ऐकण्यातली प्रतिमा मलाच छळते, पण बोलतानाही हेच २४ किलोहर्ट्झ सरकवलेलं असेल तर ७.१८१ वर बोललेलं हलक्या आवाजात ७.२२९ वर निघणार, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या बाहेर. म्हणून बोलताना सरकवणं बंद केलं. बटण दाबलं की ऑसिलेटर २४ किलोहर्ट्झ उडी मारून डायलवर येतो, सोडलं की परत. एसआय५३५१ आधी पीएलएलने क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी गुणून वाढवतो, मग भागून खाली आणतो. भागाकार तोच ठेवून फक्त पीएलएलचा गुणक बदलला तर ९० अंशांचं नातं बिघडत नाही. आता जी काही घाण उरते ती आपल्याच जागेच्या दुसऱ्या साइडबँडला राहते. जुळवणी करताना मात्र सरकवलेलंच ठेवतो, कारण माझ्याकडच्या साध्या टायनीएसएला (छोटा स्पेक्ट्रम अॅनलायझर) तीन किलोहर्ट्झच्या आतलं वेगळं करून दिसत नाही. अठ्ठेचाळीस लांबचं स्वच्छ दिसतं.

दुसरा त्रास ‘टक-टक’चा. वॉटरफॉलची ओळ एकेक सरकली की हेडफोनमध्ये टक. मी दोन आठवडे प्रोग्रॅममध्ये घालवले. बफर वाढवले, इंटरप्टचे क्रम बदलले, डीएमए लावलं. आवाजाचा ताल बदलायचा, आवाज जायचा नाही. आमच्याकडे एक जुने हॅम आहेत, व्हॉल्व्हच्या काळापासूनचे, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. इथे नाशिकला गंगापूर रोडवर कोणाकडे तरी आले होते, जाता जाता चहाला थांबले. मी लॅपटॉप उघडून समजावू लागलो, त्यांनी हाताने थांबवलं.

“अँटेना काढ. तिथे डमी लाव.”

डमी म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा रेझिस्टर. लावली. टक-टक तशीच.

“म्हणजे घरातलंच भूत. डिस्प्लेची वायर उपट.”

“भाऊ, मग दिसणार काय?”

“तुला ऐकायचंय का बघायचंय?”

उपटली. हेडफोनमध्ये शांतता पसरली, भाऊंनी बशीत चहा ओतला.

डिस्प्ले आणि एडीसी दोघंही टीन्सीच्या ३.३ व्होल्टवर होते आणि दोघांची ग्राउंड एकाच पातळ वायरने, आगगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक. डिस्प्लेने करंट ओढला की एडीसीच्या पायाखालची जमीन हलायची. एडीसीला स्वतंत्र रेग्युलेटर दिला, डिस्प्लेची ग्राउंड थेट सप्लायच्या खिळ्यावर आणली, रिबन वीस सेंटिमीटरची सहा केली, एसपीआयच्या वायरींत १०० ओहमचे रेझिस्टर घातले. बॅकलाइट पीडब्ल्यूएमने, म्हणजे झपाझप चालू-बंद करून, मंद करायची हौस होती, तीही सोडली. एक रेझिस्टर लावला आणि एकच उजेड ठेवला. प्रोग्रॅममधले दोन आठवड्यांचे बदल उलटवले. त्यातला एकही लागला नाही.

आता अँटेना काढल्यावर सेट गप्प असतो, त्यामुळे अँटेना लावल्यावर जे ऐकू येतं ते शहराचं. इंदिरानगरात दिवसा चाळीस मीटरवर एस७ ची खरखर, आणि वॉटरफॉलवर साधारण वीस-वीस किलोहर्ट्झच्या अंतराने रुंद, डुलणारे पट्टे. उन्हाळ्यात हे कायमचेच समजून सोडून दिलं होतं. पावसाळ्यात गंमत दिसली. ढग आला की पट्टे फिके पडायचे, ऊन पडलं की गडद, सूर्य मावळला की गायब. शेजारच्या काकांच्या गच्चीवरचे सोलर पॅनेल! काकांना वॉटरफॉल दाखवला. ते म्हणाले, “म्हणजे माझी वीज तुझ्या टीव्हीवर दिसते होय?” इन्व्हर्टर बदलायला त्यांना सांगणं बरं दिसलं नसतं. एफटी२४०-३१ कोअरवर आरजी-५८ चे बारा फेरे घेऊन अँटेनाच्या मधोमध चोक लावला. कोअॅक्सच्या बाहेरच्या अंगाने येणारा कचरा अडला आणि एस७ चं एस४ झालं. पट्टे आहेत अजून, पण त्यांच्यामधल्या गल्लीत माणसं ऐकू येतात. चोक चढवताना डायपोलला लटकलेला संक्रांतीचा मांजाही काढला.

पडताळणीसाठी एका रविवारी बॅटरी आणि वायर घेऊन अंजनेरीच्या पायथ्याशी गेलो. धबधब्याखाली भिजायला आलेल्या पोरांनी विचारलं, ड्रोन उडवताय का. सेटवर छत्री, माझ्यावर पाऊस. एस मीटर एकाच्या वर हलत नव्हता. तिथे पहिल्यांदा कळलं की माझ्या सेटला स्वतःचा आवाज किती कमी आहे. घरी परत येऊन तोच सेट लावला तेव्हा फार वाईट वाटलं.

मॉस्फेट जळला, तेही सांगून टाकतो. चिवड्याच्या डब्याला डाग (सोल्डर) छान लागतो, शिल्डिंग उत्तम, पण उष्णता जायला जागा नाही. अंबडच्या एका वर्कशॉपमधून दोन मिलिमीटर अॅल्युमिनियमचं खोकं वाकवून आणलं, भोकं घरी पाडली. आयआरएफ५१० ची पाठ म्हणजे ड्रेन, तिथे सप्लायचे व्होल्ट असतात, म्हणून खोक्यापासून तोडायला मागे अभ्रक. भोकाच्या कडेची धार मी मोठ्या ड्रिलने मारली नव्हती. स्क्रू आवळला, धार अभ्रकातून आरपार. मीटर लावायचा कंटाळा केला आणि चालू केलं. फ्यूज गेला, पण त्याच्या आधी ड्रेनला सप्लाय नेणारी तांब्याची पायवाट कागदासारखी उचलली गेली. आता स्क्रू आवळला की आधी मीटर, मग चहा, मग सप्लाय.

नवीन जोडी एकाच लॉटमधली घेतली आणि दोघांना वेगवेगळे बायस पॉट (सिग्नल नसतानाचा करंट ठरवणारे) दिले, प्रत्येकी १०० मिलिअँपिअर. आधी एकाच पॉटवर दोघं होते आणि एक फुकट बसून होता. पुश-पुलमध्ये दोघं सारखे राबले तरच दुसरी हार्मोनिक आपोआप मरते. फिल्टर तेच, टी३७-६ वर २१, २४, २१ फेरे. पाच वॅट म्हणजे ३७ डीबीएम, म्हणून ४० डेसिबलचा अटेन्युएटर लावूनच टायनीएसए जोडला. १४.२ वरचं शिंग, म्हणजे तीच दुसरी हार्मोनिक, आधी ३९ डेसिबल खाली होतं, आता ५२. अमेरिकेतल्या नियमात ४३ मागतात, तेवढं तरी असावं असं मी धरतो.

एफटी८ वाल्यांची, म्हणजे संगणकाकडून छोटे संदेश पाठवणाऱ्यांची, तक्रार होती की मी १४.०७४ वर घसरत जातो. एसआय५३५१ ची पट्टी हीटसिंकपासून दोन बोटांवर होती, दुसरं काय होणार. ती खोक्याच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि क्रिस्टलच्या जागी अर्ध्या पीपीएमचा (दशलक्षात अर्धा) टीसीएक्सओ, म्हणजे तापमान बदललं तरी न घसरणारा ऑसिलेटर, बसवला. अर्धा पीपीएम म्हणजे १४ मेगाहर्ट्झवर सात हर्ट्झ. मूळ आकडा रात्री १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम वेळ-केंद्र लावून जुळवला.

हौसेचं काम एकच केलं, पण त्यात सगळ्यांत जास्त वेळ गेला. पडदा मराठीत. डिस्प्लेच्या लायब्ररीला जोडाक्षरं कळत नाहीत, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची हेही कळत नाही. म्हणून शब्दांची चित्रंच करून साठवली. आरएक्सला ‘ऐका’, टीएक्सला ‘बोला’. ‘ग्रहण’ आणि ‘प्रेषण’ लिहून पाहिलं होतं, मुलगी म्हणाली, बाबा, पंचांग उघडल्यासारखं वाटतं. फ्रिक्वेन्सीचे आकडेही देवनागरी केले होते, ते आठवड्यात मागे घेतले. रात्री डोळे चोळत पाहिलं तर १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि ७.१८१ समजून मी ७.१८९ वर हाका मारत बसलो.

आता ऐंशी मीटर, म्हणजे ३.६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा, राहिलंय. एसआय५३५१ चा फेजचा रजिस्टर सात बिटांचा, त्यामुळे ९० अंश हवे असतील तर भागाकार १२६ च्या वर जाऊ शकत नाही. ३.६ गुणिले १२६ म्हणजे ४५३.६ मेगाहर्ट्झ, आणि चिपचा पीएलएल कागदावर ६०० पासून सुरू होतो. टेबलावर तो ४५० ला निमूट चालतोय. एप्रिलच्या दुपारी, गच्चीखालच्या या खोलीत चालेल का, ते बघायला हेअर ड्रायर मागून ठेवलाय. नाही चालला तर ७४एसी७४ ची जुनी भागाकाराची पट्टी खोक्यात घालावी लागेल, आणि तिच्यासाठी जागा मी मॉस्फेटच्या बाजूलाच शिल्लक ठेवलीय.