भाचीसाठी सावंतवाडीची दिवाळी भेट

भाची चित्रकला शिकते. म्हणून यंदा भाऊबीजेला सुक्या मेव्याचा डबा नको, हे मी आधीच ठरवलं होतं. सावंतवाडीच्या राजवाड्यातून तिच्यासाठी दशावतारी गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांचा, संच आणला. दहा अवतार, प्रत्येकाची १२, अशी १२० गोल पानं! मत्स्याचं पान डोळ्यांजवळ धरलं की कुंचल्याची रेघ दिसते, कुठे जरा जाड, कुठे केसाएवढी. छापील पत्त्यांत हे सुख नाही. संच महाग पडतो, खरंय. पण एकेक पान हाताने रंगवताना पाहिलं की घासाघीस करवत नाही. हात आखडता असेल तर सावंतवाडीच्याच चितारआळीतली लाकडी फळं घ्या, सुरेख असतात.

भाचीने पेटी उघडली आणि सगळी पानं सतरंजीवर मांडत बसली. फराळाचं ताट तसंच राहिलं.