खातं कुणाचं?

महापे एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात सकाळी मेल आली. एका औषध कंपनीशी करार जवळपास ठरला होता. त्यांच्या परचेसला आमच्या प्रॉडक्टमधल्या बाहेरच्या सगळ्या सॉफ्टवेअरची लायसन्ससकट यादी हवी होती. ते काम माझ्याकडे आलं.

एमआयटी, बीएसडी, अपाची ही मोकळी लायसन्स पटापट भरत गेले आणि एन-एट-एनपाशी (n8n) थांबले. वेगवेगळी ॲप जोडून कामं आपोआप करणारं हे सॉफ्टवेअर; आमच्या प्रॉडक्टमधलं ऑटोमेशन तेच चालवतं. सर म्हणाले, "ओपन सोर्स आहे, आपल्याच सर्व्हरवर आहे. लिही आणि पाठव."

लायसन्स उघडलं. 2022 पासून ते सस्टेनेबल यूज लायसन्सखाली आहे. कोड दिसतो, बदलता येतो, पण धंद्यात वापर स्वतःच्या अंतर्गत कामापुरताच. सर्व्हर आपला असला म्हणून ही अट सुटत नाही. त्यांनी दिलेली उदाहरणं मात्र फार नेमकी आहेत. ॲपमधला चॅटबॉट आपल्या कंपनीच्या क्रेडेन्शियलवर, म्हणजे लॉगिनवर, चालतो आणि ग्राहक नुसता प्रश्न विचारतो, हे चालतं. ग्राहकाचं स्वतःचं हबस्पॉट (विक्री-ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर) खातं जोडून त्याचा डेटा ॲपमध्ये ओढला, तर चालत नाही. त्यासाठी वेगळा करार लागतो. आमचा सपोर्ट बॉट सुटला. ग्राहकाचं जीमेल जोडणारं मॉड्यूल अडकलं, आणि सगळी विक्री त्याच्याच जोरावर!

"कोण बघायला येतंय?" विक्री सांभाळणारा सहकारी म्हणाला. मला राग आला. आमचं प्रॉडक्ट कुणी पैसे न देता वापरलं, तर नोटीस आम्हीच पाठवतो ना? मी कराराचा मसुदा सरांपुढे ठेवला. प्रत्येक भाग वापरायचा हक्क आमच्याकडे आहे, वाद झाल्यास भरपाई आम्ही देऊ, असं कलम त्यात होतं. खाली सही सरांची. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग करायचं काय?"

वाट त्याच लायसन्समध्ये होती. औषध कंपनीने एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर, स्वतःच्या कामासाठी बसवावं. त्यातले वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या साखळ्या, बांधून द्यायचे आणि सांभाळायचे पैसे आम्ही घ्यावेत. याला परवानगी आहे. संध्याकाळी यादी याच खुलाशासह गेली आणि त्यांच्या आयटीने होकार दिला.

लहान ग्राहकांकडे असे सर्व्हर नसतात. त्यांच्यासाठी ते जीमेलचं मॉड्यूल आता नोड-रेड या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर नव्याने बांधतेय. त्याचं लायसन्स अपाची 2.0, प्रॉडक्टमध्ये घालून विकता येतं. तोवर नव्या ग्राहकांना जीमेल जोडणी देणं सरांनी थांबवलंय.