तुम्ही विचारलंत म्हणून : एवढं झालं तरी सायकल का सोडली नाही?

प्रश्न खरं तर दोन आहेत. पहिला मोठ्याने विचारला जातो : दारात चारचाकी आहे, गिअरच्या हलक्या सायकली मिळतात, मग ही बिनगिअरची काळी सायकल घेऊन साताऱ्याहून कोकणात का उतरता? दुसरा आवाज खाली आणून : सोबत्याचं एवढं झालं, तरी अजून कसे जाता? पहिल्याचं उत्तर मी आयुष्यभर हौसेने दिलं. दुसऱ्याचं टाळत आलो. लग्नाच्या पंगतीत, चहाच्या टपरीवर, दवाखान्याच्या बाकावर तेच ऐकून आता खरंच थकलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माझी सायकल २८ इंची, सळयांच्या ब्रेकची, वजन वीस किलोच्या आसपास. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलची एक फेरी मारली की ती जवळजवळ सहा मीटर पुढे सरकते. सपाटीवर हे सुखाचं आहे, चढावर नाही. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं. त्यावर हमखास प्रतिप्रश्न येतो, ढकलायचीच तर न्यायची कशाला? त्यांनी उंब्रजहून मल्हारपेठ, पाटण करत कोयनानगरला एकदा या वेगाने यावं. कोयनेच्या खोऱ्यातला तो रस्ता इतका हळूहळू चढतो की आपण चढतोय हे पोटऱ्यांनाच आधी कळतं. हेळवाक मागे पडलं की थोड्याच वेळात कुंभार्ली घाटाचा माथा, आणि तिथून जमीन एकदम पोफळीकडे खाली कोसळते. मोटारीतून ते दृश्य दिसतं, नाही असं नाही. पण दोन दिवस जमीन वर चढताना अंगाने मोजलेली असेल, तरच ती तुटते म्हणजे काय ते समजतं.

उतारावरही मी अवघड वळणांना खाली उतरतो. सळयांच्या ब्रेकचे रबर रिमला आतून, आऱ्यांच्या बाजूने दाबतात. रिम गुळगुळीत पोलादी. कोरडी असताना ब्रेक लागतो, ओली झाली की जवळपास लागतच नाही. म्हणून पावसाळ्यात घाट नाही, दिवाळीनंतरच. घाट चढताना चालत आणि उतरतानाही अर्धा चालत, त्यामुळे कुठल्या वळणावर कोणत्या महिन्यापर्यंत पाणी पाझरतं ते मला पाठ आहे. याला कुणी वाया गेलेला वेळ म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

सामान म्हणजे सतरंजी, चादर, दोन कपडे, तांब्या, पाना, सोल्युशन आणि पॅच. सगळं कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळायचं. हुक नाही, चेन नाही, तरी वाटेत काही सुटत नाही. मुक्काम देवळाच्या सभामंडपात किंवा कुणाच्या पडवीत. गुहागरहून धोपाव्याला यायचं, फेरीबोटीने दाभोळला उतरायचं, पुढे दापोली, हर्णे, केळशी करत वेश्वी, तिथून खाडी ओलांडून बागमांडला, मग श्रीवर्धन, दिघी, पुन्हा पाणी आणि पलीकडे आगरदांडा. खाड्यांनी तोडलेला हा किनारा सायकलवाल्यासाठीच आखलाय असं मला वाटतं. दर थोड्या अंतरावर जमीन संपते, बोटीची वाट बघत बसावं लागतं, आणि शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशींशी बोलणं सुरू होतं. या सायकलीमुळे मला कुणी पर्यटक समजत नाही. माझ्या वयाची माणसं आधी घंटी वाजवून बघतात, मागचं चाक उचलून फिरवतात आणि मग स्वतःच्या सायकलीची गोष्ट सांगतात. पायडलचा दांडा पक्का धरणारी कॉटर पिन ढिली झाली तर गावातला कुठलाही मिस्त्री हातोडीच्या चार ठोक्यांत बसवतो. गिअरवाल्या मंडळींबद्दल माझ्या मनात आकस नाही. ती एका दिवसात जितकं अंतर कापतात तितकं मला जमणार नाही. मला तितकं कापायचंही नाही.

आता दुसरा प्रश्न.

डिसेंबर २०१२. आम्ही दोघं, नेहमीचेच. कॉलेजपासून प्रत्येक सफर त्याच्याबरोबर झालेली. सकाळी चिपळूणहून निघून गुहागरच्या रस्त्याला लागलो होतो. मी पुढे, तो मागे. त्याच्या चेनकव्हरला एक पोचा होता, पायडलच्या दर फेरीला तिथे दांडा घासून खट् वाजायचं. तो आवाज मागे असला की मला वळून बघावं लागत नसे. मार्गताम्हाण्याच्या अलीकडे समोरून एक गाडी दुसऱ्या गाडीला मागे टाकत सरळ आमच्या बाजूला आली. मी निसटलो. तो डांबरावरून खाली उतरला. रस्त्यावर नवा थर चढवलेला, पण कडेला मुरूम भरलाच नव्हता, साइडपट्टी वीतभर खाली. पुढचं चाक त्या काठाला अडकलं आणि तो खुब्यावर पडला. मला हे दिसलं नाही. खट् बंद झालं एवढंच कळलं.

गाडी थांबली नाही. गवताचा भारा घेऊन चाललेल्या दोघी थांबल्या. एकीने भारा टाकून त्याच्या डोक्याखाली स्वतःचं टॉवेल घातलं. एका टेम्पोवाल्याने माल रस्त्याकडेला उतरवून आम्हाला चिपळूणला नेलं, पैसे घेतले नाहीत. तिथे खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं आणि संध्याकाळी रुग्णवाहिकेतून साताऱ्याकडे निघालो, त्याच कुंभार्ली घाटाने. जो घाट आम्ही अर्धा दिवस पायाखाली घालायचो, तो अंधारात, प्रत्येक वळणाला त्याच्या कण्हण्यासकट वर सरकत होता. त्याचे डोळे मिटलेले. मध्येच म्हणाला, "पोफळी गेली का?" मी हो म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाला, "आता पाझराचं वळण येईल." आणि आलं. आडवा पडून, डोळे मिटून त्याला घाट समजत होता. माथा आल्याचंही त्यानेच सांगितलं. नंतर हेळवाकपर्यंत तो बोलला नाही.

ऑपरेशन झालं. पाय थोडा आखूड राहिला, काठी आली, सायकल गेली.

दोन्ही सायकली चिपळूणला टेम्पोवाल्याकडेच होत्या. महिन्याभराने आणायला गेलो. दोन्ही गाडीत घालून परतायचं हे घरी कबूल करून गेलो होतो. त्याची चढवली. माझी उचलताना हात थांबले. पुढच्या चाकात हवा भरली आणि गाडीवाल्याला म्हटलं, तू पुढे हो. चढायला लागलो, ढकलत. मनात मित्राचा विचार होता असं सांगितलं तर तुम्हाला ऐकायला बरं वाटेल. तसं नव्हतं. गार हवा होती, पाय चालत होते, खालचं खोरं मोकळं होत होतं आणि मला आनंद झाला. तो खाटेवर पडलेला असताना मला नेहमीइतकाच आनंद झाला. सायकल का सोडली नाही याचं याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. ते निष्ठुर वाटत असेल तर वाटो. मलाही काही रात्री वाटलं आहे.

तरुणपणी मी ठासून सांगायचो की सायकल म्हणजे कुणावर अवलंबून नसणं. त्या पोराशी आता माझं जमत नाही. गवताचा भारा टाकणारी बाई, माल उतरवणारा टेम्पोवाला, पडवी उघडून देणारी घरं, यांच्याशिवाय माझी एकही सफर पुरी झालेली नाही. तोच पोरगा मुंबईच्या पारशी तरुणांची गोष्ट रंगवून सांगायचा. १९२३ मध्ये सहा जण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, आणि आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा या तिघांनी ती १९२८ मध्ये पुरी केली. ही तीन नावं मला तेव्हा तोंडपाठ होती आणि आजही आहेत. पण आता गोष्ट सांगताना मन उरलेल्या तिघांकडे जातं. त्यांनीही कितीतरी वाट पाय मारत कापली होती. वाटेत थांबले म्हणून त्यांचं सायकल चालवणं अपुरं ठरतं का? सोबत्यापुरतं मी याचं उत्तर ठामपणे नाही असं देतो. तो काय देईल, माहीत नाही.

काळजी मी घेतो. हेल्मेट आहे, उजव्या हाताला आरसा आहे, मागे चमकणारी पट्टी आहे, अंधारात चालवत नाही, मुंबई-गोवा महामार्ग शक्यतो टाळतो. तरी धोका आहे, आणि तो सायकलीत नाही, रस्त्याच्या कडेला आहे. मला समजावायला येणाऱ्यांनी तोच वेळ साइडपट्टी भरून घ्यायला दिला असता तर मी त्यांचे पाय धरले असते. आजही चिपळूण-गुहागर रस्त्यावर मी डांबराच्या काठाकडे बघत चालवतो, समुद्र जवळ आला तरी.

त्याची मुलगी एकदा म्हणाली, "काका, तुम्ही जाता तेव्हा बाबा दोन दिवस धड जेवत नाहीत." तेव्हापासून मी त्याला न सांगता जात नाही, आणि आल्यावर वर्णन करत नाही. त्याने त्याची सायकल भंगारवाल्याला दिली, मला न कळवता. मी म्हटलं, मला द्यायचीस. तो म्हणाला, "तुला कशाला दोन?" पुढे विषय निघाला नाही. सगळं गाव मला विचारतं, तो एकटा विचारत नाही. त्याने विचारावं असं मला फार वाटतं. पण विचारलंच, तर त्या चढावरचा आनंद त्याच्या तोंडावर सांगता येईल का, याची मला खात्री नाही.

मार्गशीर्षात पुन्हा निघतोय, याच रस्त्याने, दिघीपर्यंत. मागचा टायर बदलून झालाय. त्याला अजून सांगितलेलं नाही.