तारखेची पानं

मामाकडे दुपारी वीज गेली आणि पंखा थांबला. मामी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. वारा घ्यायला काहीतरी हवं म्हणून खिडकीतलं पुस्तक उचललं, आणि वारा राहिला बाजूला, त्याच्या कडाच बघत बसले. थोड्या थोड्या अंतराने काळपट पट्टे. मोजले तर बरोबर बारा.

व्यसनातून सावरणाऱ्या ख्रिस्ती माणसांसाठी रोजचं मनन, असं ते पुस्तक. वर तारीख, मग वचन, पाऊण पान मजकूर, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. सगळं इंग्रजीत. मामाचं इंग्रजी बेताचं. तो वचनाचा संदर्भ बघतो आणि शेजारचं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडतो. बाकीचा मजकूर कळला तर कळला.

पट्टे होते सात ते दहा तारखांचे. कारखान्यात पगार सातला व्हायचा.

सुट्टीत आम्ही आजोळी असलो की सात तारखेला आजी आम्हा पोरांना दिवस मावळायच्या आतच जेवायला वाढायची. संध्याकाळची प्रार्थनाही लवकर उरकायची. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना डोळे मिटलेले, पण कान फाटकाच्या कडीला. मामाची लूना कोपऱ्यावर वळली की आवाजावरूनच तिला सगळं कळायचं. मग ती ‘आमेन’ म्हणायची घाई करायची आणि आम्हाला आतल्या खोलीत ढकलायची. त्या खोलीत गव्हाच्या कोठीचा वास असायचा. अजून कुठे तो वास आला की मला उगीच सात तारीख आठवते.

रोज सकाळी वाचण्याची ही रीत जुनी आहे. १९३५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, ॲक्रन गावी, दारू सोडलेला शेअर बाजारातला बिल आणि दारू सोडू पाहणारा डॉक्टर बॉब एका घरात राहिले. डॉक्टरांची बायको ॲन सकाळी त्यांना बायबल वाचून दाखवायची. बायबलमधलं याकोबाचं पत्र त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींचं इतकं आवडतं, की काहींना आपल्या गटाचं नावच ‘याकोब क्लब’ ठेवायचं होतं. शेवटी नाव पडलं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, थोडक्यात एए, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरायचा गट. त्याच वर्षी नॅशव्हिलहून मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं ‘द अपर रूम’ हे रोजच्या मननाचं त्रैमासिक निघालं, आणि तेही या मंडळींच्या हातात लवकरच पोचलं. एएने पुढे कुठल्याच धर्माशी नातं ठेवलं नाही. देव ज्याला जसा उमगेल तसा. मामाला दोन्ही चालतं. बैठकीत तो येशूचं नाव काढत नाही आणि घरी पुस्तक सोडत नाही.

फक्त पुढचं पान वाचू देत नाही. मी एकदा उद्याची तारीख उघडली, तर पुस्तक हातातून काढून घेतलं आणि मान्नाची, म्हणजे देवाने आकाशातून पाडलेल्या अन्नाची, गोष्ट ऐकवली. वाळवंटात तो रोजचा रोज वेचायचा. सकाळपर्यंत ठेवला की किडे पडायचे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा होती, हे मी काढलं. मामाला ऐकू आलं नाही.

२९ फेब्रुवारीचं पान कोरं करकरीत. जुलैतली काही पानं मात्र एकमेकांना चिकटलेली. त्या वर्षी स्लिप झाली होती, म्हणजे मामा पुन्हा प्यायला होता. बैठकीत हाच शब्द चालतो, घरात कुठलाच नाही. मामा कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि पुस्तक उघड्या खिडकीत पावसात भिजत राहिलं. परत आल्यावर त्याने ते चुलीजवळ वाळवलं आणि त्या दिवसाची तारीख काढली. मधल्या पानांचं काय, असं मी विचारलं.

“पुढच्या वर्षी येतात की ती.”

मला हे काही केल्या पटत नाही. राहिलेली पानं आधी, आजचं मग, हा माझा हट्ट. माझ्या स्वतःच्या मननाच्या पुस्तकात अजून मार्च चाललाय, आणि बाहेर गणपतीचे मांडव उभे राहायला लागलेत.