चवथीच्या आसनाला लेस हवी, पण दोरा कुठला?

फोंड्याहून वहिनीची फर्माईश आली आहे. चवथीला चौरंगावर घालतो त्या पांढऱ्या सुती आसनाला चारी बाजूंनी लेस हवी. क्रोशेची नको, ती काय आपल्याकडे घरोघरी आहे. "तुमच्याकडे लाकडी गोट्या खुळखुळवत करतात ना, तसली."

गोट्या नव्हेत, बॉबिन. मी राहते ते पेनिश हे लिस्बनच्या उत्तरेचं मच्छीमारांचं गाव. 'जिथं जाळी तिथं लेस' अशी इथली म्हण आहे. लोडासारखी गोल उशी लाकडी घोडीवर ठेवायची, तिच्यावर नमुन्याचा पुठ्ठा लावायचा, आणि बॉबिनांवर गुंडाळलेले दोरे जोडीजोडीने एकमेकांवरून टाकत, पीळ देत, टाचण्यांभोवती वळवत जायचं. सुई नाही, आकडी नाही. त्यामुळे दोरा जसा असेल तशीच लेस दिसते.

वहिनीने म्हापशाच्या बाजारातून रीळ घेऊन पाठवायची तयारी दाखवली, म्हणून हा खटाटोप.

पॉलिएस्टरचा शिवणदोरा नकोच. तो विणताना ताणला जातो आणि टाचण्या काढल्या की आखडतो. उशीवर सरळ दिसणारी जाळी हातात घेतल्यावर वाकडी होते. रेशीम सुंदर, पण दरवर्षी तेल, हळद, कुंकू झेलणाऱ्या आसनाला ते लावायचं म्हणजे हौसच.

मग लिनन की सूत? जुन्या लेसचा मान लिननचा. अळशीच्या देठातल्या धाग्याचा हा दोरा ताठ, कोरडा, नमुना ठसठशीत उठवणारा. पण हिवाळ्यात हीटर लावला की तो तटकन तुटतो. ओल मिळाली की हाच दोरा अधिक मजबूत होतो, म्हणजे आपल्या पावसाळ्यात त्याची चैन! (तिथे विणायला बसलात तर टाचण्या मात्र पितळेच्या घ्या. लोखंडी टाचण्यांचा गंज पांढऱ्या दोऱ्यात उतरतो.)

तरीही या कामाला मी सूतच घेणार. आसन सुती, तर कडाही सुती, म्हणजे धुण्यात दोन्ही साधारण एकसारखी वागतील. कापड एका चालीने आटलं आणि लेस दुसऱ्या चालीने, की कडेला चुण्या पडतात, आणि त्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. चमकदार मर्सराइज्ड सूत चालेल, पण माझा कल बिनचमकीच्या दोनपदरी दोऱ्याकडे. चमकेत बारीक जाळीची नक्षी हरवते असं मला वाटतं.

रिळावरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात ते, आणि लिननची लड ३०० यार्डांची. नंबर वाढेल तसा दोरा बारीक हे दोन्हीकडे खरं, पण ६० नंबरचं लिनन ६० नंबरच्या सुताहून बरंच जाड. क्रोशेच्या रिळांचे आकडे त्याहून निराळे. त्यापेक्षा पेन्सिलीवर दोरा शेजारी-शेजारी, न ताणता गुंडाळा आणि एका सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसले ते मोजा. नमुना ज्या दोऱ्यासाठी आखला आहे त्याचे वेढे आणि तुमचे वेढे जुळले, की कंपनी कुठली का असेना.

जुळले तरी बोटभर तुकडा विणून बघायचाच. भरीव भाग कापडासारखा दिसला पाहिजे आणि जाळीतून उजेड आला पाहिजे. भरीव भाग फुगून वर आला तर दोरा जाड. सगळंच लुळं पडलं तर बारीक. हातातला दोरा आवडलाच असेल तर नमुन्याची झेरॉक्स थोडी मोठी किंवा लहान करून घ्या, हा इथला सर्रास उपाय. आणि सगळी रिळं एकाच लॉटची घ्या, कारण पांढऱ्यातही पांढरे असतात.

तर वहिनी, रिळं पाठवू नकोस. आसन आधी गरम पाण्यात धू, वाळव, इस्त्री कर आणि मग चारी बाजूंचं माप कळव. कोपऱ्यांना वळण द्यायचंय, तेव्हा दुमडून शिवलेल्या कडेचं माप हवं, नुसत्या कापडाचं नको.